पणजीचं घंगाळ बफ करायचं की तसंच ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळचं जुनं घर विकलं आणि माळ्यावरच्या पेटीतल्या, देवघरातल्या वस्तू ठाण्याच्या फ्लॅटवर आल्या. तांब्याचं मोठं घंगाळ, पितळी समयांची जोडी, चांदीचे टाक, पहिल्या महायुद्धात लढलेल्या पणजेसासऱ्यांची दोन पदकं, त्यांच्या पत्नीची पैठणी, एक मोठा फोटो आणि रुमालात बांधलेले मोडी कागद. दिवाणखान्यात दिवे लावलेलं काचेचं कपाट करून हे सगळं मांडायचं आहे. दीर म्हणतात, बफिंगला (यंत्राच्या चाकावर पॉलिश करायला) देऊन नव्यासारखं करून घ्या. आत्येसासूबाई म्हणतात, कशालाही हात लावू नका. शिवाय अमेरिकेतल्या नणंदबाईंना यातलं काही न्यायचं आहे.

ताई, जुन्या वस्तूंचं, त्यातही धातूच्या वस्तूंचं संवर्धन हे माझं काम आहे आणि या वादात मी बऱ्याच अंशी आत्येसासूबाईंच्या बाजूचा आहे. पण "हात लावू नका" हेही सरसकट लागू होत नाही. काही वस्तू हात न लावल्यामुळेच खराब होतात. म्हणून कपाटाची मापं घेण्याआधी एकेक वस्तू समोर घेऊन ठरवा, ती यापुढे वापरात राहणार आहे की फक्त मांडायची आहे. वापरातली वस्तू वापरातल्यासारखी घासावी, त्यात काही पाप नाही. मांडायची वस्तू मात्र एकदाच नीट स्वच्छ करावी आणि मग तिला घासणं बंद करावं. आपल्याकडे नासाडी होते ती यांच्या मधल्या वस्तूंची. त्या वर्षभर कपाटात असतात आणि दसरा-दिवाळीला "काळ्या पडल्या" म्हणून बाहेर काढून खसाखसा घासल्या जातात. दर घासणीला वरचा थोडा धातू जातो, आणि तो परत येत नाही.

घंगाळापासून सुरुवात करतो, कारण दिरांचा बफिंगचा विचार मुख्यतः त्यावरच असणार. ते हाताने घडवलेलं असेल तर त्याच्या अंगावर हातोडीचे बारीक, एकसारखे ठोके दिसतील. हे मठारकाम. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही ते होतं. या ठोक्यांनी पत्र्याला ताठपणा येतो आणि प्रत्येक ठोक्याच्या खळगीत उजेड वेगळा चमकतो. बफिंगचं चाक फिरलं की ठोक्यांच्या कडा बोथट होतात, आणि दोन-तीनदा बफ झालेलं भांडं साच्यातून काढल्यासारखं गुळगुळीत दिसू लागतं.

त्याहून मोलाची गोष्ट काठाजवळ असते. घंगाळ खिडकीशी न्या आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, उजेड पृष्ठभागाला घासून जाईल असा धरा. छिन्नीने ठोकलेली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसण्याची बरीच शक्यता आहे: कुणाचं नाव, कुणाकडून भेट, कधी तारीख. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात आलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत घरोघर होती. कित्येक बायकांची नावं कुठल्याही उताऱ्यावर, कुठल्याही वंशावळीत नाहीत, ती फक्त अशा काठांवर आहेत. ही अक्षरं फार उथळ असतात. बफ करून आलेली भांडी माझ्याकडे येतात तेव्हा नावाच्या जागी एक अंधुक पट्टा उरलेला असतो, आणि तो वाचून द्या म्हणणाऱ्यांना मला नाही म्हणावं लागतं. म्हणून कुठल्याही साफसफाईच्या आधी आडव्या उजेडात फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, तळासकट. अक्षरं वहीत उतरवून घ्या. आत्येसासूबाईंना शेजारी बसवून विचारा, ही कोण, ती कुठल्या गावची. त्या बोलतील ते रेकॉर्ड करा.

आता काळेपणाबद्दल. तांब्यावर आलेला गुळगुळीत, घट्ट, तपकिरी-काळसर थर हा ऑक्साइडचा असतो. तो खालच्या धातूला खात नाही. उलट पुढची झीज मंद करतो. तो काढायची काहीच गरज नाही. काढायची आहे ती धूळ, चुलीच्या धुराचा चिकट थर आणि कडेकपारीत अडकलेली जुन्या पावडरीची पांढरी पुटं. आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, दाढीचा जुना ब्रश उत्तम. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून मऊ फडक्याने पुसा, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा आणि लगेच कोरडं करा. शेवटच्या पुसण्याला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरलं तर डाग राहत नाहीत. कोपऱ्यांसाठी बांबूची काडी, वर कापूस गुंडाळून. स्टीलची घासणी, रांगोळी, राख, टूथपेस्ट यांतलं काही नको, कारण या सगळ्यांत खर असते.

चिंच आणि लिंबू-मिठाबद्दल लोक वाद घालतात. रोजच्या तांब्याला, पूजेच्या ताम्हनाला चिंच लावायला माझी हरकत नाही. कपाटात बसणाऱ्या वस्तूला मात्र नको, आणि लिंबू-मीठ तर मुळीच नको. आम्ल ऑक्साइडबरोबर थोडा धातूही विरघळवतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात आधी जस्त जातं आणि पृष्ठभागावर तांबं उघडं पडतं. चिंचेने घासलेल्या पितळेवर गुलाबी-लालसर चट्टे दिसतात ते यामुळे. मिठाची गोष्ट आणखी वाईट. मिठातलं क्लोराइड बारीक भेगांत राहून जातं आणि पावसाळ्यात दमट हवा मिळाली की काम सुरू करतं.

हे नीट ओळखता आलं पाहिजे, कारण इथे "हात लावू नका" हा सल्ला चुकतो. घट्ट, गडद हिरवा थर बहुधा स्थिर असतो, त्याला राहू द्या. पण फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी दिसली आणि दात कोरायच्या काडीने टोकरल्यावर ती गळून खाली बारीक खड्डा दिसला, तर तो क्लोराइडचा रोग आहे. ओलावा आणि हवा मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा आम्ल. हे चक्र आपोआप थांबत नाही. पुसून टाकलं तरी काही आठवड्यांत ठिपके परत येतात. कोकणातून, गोव्यातून, समुद्रकाठच्या घरांतून आलेल्या वस्तूंत हे मी नेहमी पाहतो. कराडची हवा तशी नाही, पण ठाण्याची आहे. असे ठिपके दिसले तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि संवर्धकाकडे न्या. घरगुती उपाय इथे करू नयेत.

स्वच्छ झालेल्या घंगाळावर रंगहीन मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि मऊ कापडाने पुसून घ्या. खोबरेल किंवा गोडं तेल लावू नका. तेलातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा चिकट थर करतात, तेलकट समयांच्या सांध्यांत दिसतो तोच. दुकानात बफिंगनंतर जो चकचकीत लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) फवारा मारतात, त्याने वर्षभर सगळे खूष असतात. मग कुठेतरी ओरखडा पडतो, त्या रेषेतून हवा आत शिरते आणि लॅकरखाली काळ्या नक्षा उमटतात. त्या काढायला सगळा लॅकर उतरवावा लागतो.

घंगाळाला कल्हई करून घ्यावी का, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ज्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक होणार त्याला कल्हई हवीच. पण त्यासाठी भांडं तापवतात, नवसागर टाकतात, बाहेरून धुराचे डाग येतात. नुसतं मांडायच्या वस्तूला हा ताप कशाला?

समयांबाबत मी तुम्हाला वेगळं सांगेन. जोडीतली निदान एक समई सणावाराला लावा. समई लावली की तिला तेल, काजळी, घासणं हे सगळं ओघाने आलं आणि ते तिच्या जन्माचंच आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचे, अडकित्त्यांचे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे इतके नमुने जपले आहेत की अभ्यासाला ते पुरेत. प्रत्येक घराने आपलं देवघर संग्रहालयासारखं थांबवून ठेवावं, असं मला वाटत नाही. लावायच्या समईतला जुना तेलकट कीट काढताना तिचे फिरकीचे भाग सुटे करा, गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, बांबूच्या काडीने खरवडा, मग पितांबरी वापरा की चिंच, ते तुमच्यावर. फक्त शिखरावरच्या मोराची किंवा हंसाची बारीक कोरीव रेघ दाबून घासू नका. दुसरी समई घंगाळासारखीच ठेवता येईल. दोन्हींच्या रंगात फरक पडेल. तो पडू द्या.

टाकांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. कपाटात मांडायच्या यादीत ते पाहून मी थांबलो. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावाने काढलेला देव, मागे बहुधा तांब्याचा पत्रा. खंडोबा, भवानी, जोतिबा, घराण्याचे वीर. पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक, गंध, पुसणं यांनी त्यांचे चेहरे झिजून जवळजवळ सपाट होतात. ते "पुन्हा उठावदार करून देतो" म्हणणारे सराफ भेटतील. तसं करू देऊ नका. पातळ झालेला पत्रा ठोकताना फाटतो, आणि जो चेहरा निघतो तो कारागिराच्या मनातला असतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तयार द्रावणात बुडवून, किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात टाकून ती पाच मिनिटांत पांढरी होते हे खरं. पण उठावाच्या खोलगट भागातला काळेपणाही जातो, त्याच्यामुळेच तर डोळे, मिशा, घोड्याचा लगाम वाचता येत होता. शिवाय पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि आतून तांब्याला हिरवं करतं. टाकांना मऊ ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, एवढं पुरे. फारच काळे असतील तर औषधांच्या दुकानात मिळणारी अगदी बारीक खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून कापसाने, फक्त उंच भागावर, हलक्या हाताने.

पण त्याआधीचा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नाही, तुमच्या घरातला आहे. टाक पूजेत आहेत की नाहीत? बऱ्याच घराण्यांत मूळ टाक एका घरी राहतात आणि वेगळे झालेले भाऊ नवे करून घेतात, जेजुरीला नेऊन देवभेट करवतात. झिजलेले टाक विसर्जित करायची रीतही अनेकांकडे आहे. पूजेतले देव दिव्याखाली शोभेला ठेवायचे की नाही, ते आत्येसासूबाईंना विचारल्याशिवाय ठरवू नका. त्या "देवघरातच राहू देत" म्हणाल्या तर माझा कौल त्यांना.

पदकांना मात्र अजिबात पॉलिश नको. पणजेसासऱ्यांच्या दोन पदकांपैकी एक चांदीचं आणि एक ब्राँझचं असेल, तर बहुधा पहिलं ब्रिटिश वॉर मेडल आणि दुसरं इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल. दोन्हींची जाडी असलेली कड भिंगाखाली फिरवून पाहा. तिथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सातारा जिल्ह्यातून त्या युद्धात फार लोक गेले. अपशिंगे गावाला तर त्यामुळे "मिलिटरी" हेच उपनाव पडलं. कडेवर 103, 110 किंवा 117 मराठा असा पलटणीचा क्रमांक निघाला तर मेसोपोटेमियाची (आजच्या इराकमधली) मोहीम, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 चा कूतचा वेढा, तिथपर्यंत तुमचा शोध जाऊ शकतो. ती कड पॉलिशने गुळगुळीत झाली की पदक कुणाचंही होतं. संग्राहकही घासलेलं पदक कमी लेखतात, पण मला काळजी त्या नावाची आहे. फीत विरली असली तरी मूळची राहू द्या, नवी शिवू नका. हाताळताना सुती हातमोजे घाला, नाहीतर हात धुऊन कोरडे करा, कारण घामाचे ठसे चांदीवर कायमचे उमटतात.

पैठणी फ्रेम करायची कल्पना सोडा. उजेडाने रंग उडतो, तो थोडाथोडा साठत जातो आणि कपाट रात्री बंद ठेवून भरून येत नाही. जुन्या लाल रंगांत कुसुंबीसारखे फार नाजूक रंग असतात. काठपदरातली जरतार खरी असेल तर ती रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार आहे. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की ती तार तिथे तुटते. ड्रायक्लीनिंग नको, पाणी नको, जरीला टेकून डांबराच्या गोळ्या नकोत. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळून ठेवा, जरतार बाहेरच्या बाजूला येईल अशी. दसऱ्याला दोन-चार दिवस बाहेर काढून सगळ्यांना दाखवा. आणि दारावर "जुनी जरी घेतो" म्हणून येणाऱ्याला देऊ नका. तो काठपदर चांदीसाठी जाळतो.

मोडी कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. बोरूने लिहिलेली काजळीची शाई उजेडाला दाद देत नाही, पण पाण्याने फिसकटते. जुना हातकागद बहुतेक वेळा पणजोबांच्या काळातल्या गिरणीच्या कागदाहून धडधाकट निघतो, कारण गिरणीच्या कागदात आम्ल असतं आणि तो स्वतःच पिवळा, ठिसूळ होत जातो. तेव्हा लग्नपत्रिका आणि खरेदीखतं मोडी कागदांहून आधी स्कॅन करा. कागद आहेत त्या क्रमाने, स्वच्छ नव्या रुमालात ठेवा, कारण कशाला लागून काय होतं हेही वाचणाऱ्याला उपयोगी पडतं. वाचून घ्यायचे तर पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाड्यांनी 1910 मध्ये स्थापलेल्या या संस्थेत मोडी जाणणारी माणसं भेटतात. भिंतीवर लावायची ती प्रत, मूळ नाही. मोठ्या फोटोचंही तेच. काच फोटोला टेकलेली असेल तर पावसाळ्यात चित्राचा थर काचेला चिकटतो. आधीच चिकटला असेल तर ओढून सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

राहिलं कपाट. प्लायवूड आणि एमडीएफमधून, त्यांच्या डिंकातून आम्लाची वाफ बरेच महिने येत राहते आणि बंद कपाटात ती धातूवर बसते. शक्य असेल तर पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट आणि काच घ्या. प्लायवूडचंच केलं तर दारं उघडी ठेवून ते काही महिने वाळू द्या. आत लोकरीचं फेल्ट किंवा रबराचे पाय नकोत, त्यांतल्या गंधकाने चांदी लवकर काळी पडते. धुतलेलं पांढरं सुती कापड अंथरा. एलईडीची पट्टी आत न लावता बाहेरून, आणि पाहुणे आल्यावरच. वस्तूवर स्टिकर चिकटवू नका. दोऱ्याने बांधायची चिठ्ठी करा आणि तिच्यावर कोणाची, कुठली, कुणी सांगितलं ते लिहा.

नणंदबाईंचा प्रश्न कायद्याचा आहे आणि तो त्यांच्या पुढच्या फेरीच्या आधीच सोडवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू, कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मग ती स्वतःच्या आजीची का असेना. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये सुरू झालेली ती पदकंही आता शंभरी ओलांडलेली आहेत. समईवर 1931 सारखं साल निघालं तर सोपं होईल, म्हणून तिच्या तळाचा आणि ताटलीखालचा फोटो नीट काढा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे फोटोसह अर्ज केला की त्यांची समिती वस्तू पाहते आणि ती पुरावस्तू नसल्यास तसं प्रमाणपत्र देते. ते हातात असल्याशिवाय सामानात काही भरू नका. मोडी कागद आणि पदकं इथेच राहू द्या. नणंदबाईंना त्यांचे उत्तम स्कॅन द्या, आणि देवघराचं ठरलं तर टाकांची नवी जोडी करून द्या.